लोणारचे छायाचित्र कोणाचे?

बुलडाणा - जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे काही तासांत जगभर पोहोचली. वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर, मोबाईलवर तीच दृश्ये झळकली. पाण्याच्या रंगाचे कारण यथावकाश समजले. वाढलेल्या क्षारतेत फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो परिणाम होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. मात्र हातोहात फिरणाऱ्या त्या छायाचित्रांचा मालक कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

जिल्ह्यातील छोट्या व्यावसायिकांच्या दृष्टीने हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरत आहे. लोणारचे लॉज, शेगावची भक्तनिवासे व कचोरीची दुकाने, खामगावची चांदीची पेढी, सिंदखेडराजाला सहली नेणारे वाहनचालक या सर्वांना ग्राहक मिळविण्यासाठी संकेतस्थळ हवे असते. संकेतस्थळ म्हटले की छायाचित्रे आलीच. ती 'गुगल'वर शोधायची, आवडेल ते उतरवून घ्यायचे आणि लावायचे, हा सोपा मार्ग. परंतु शोधयंत्रात दिसते ते सर्वांचे असते, ही समजूत कायद्याला मान्य नाही.

कायदा काय सांगतो?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे. ते कलात्मक आहे की साधे, याला महत्त्व नाही. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. छायाचित्र काढले, त्या क्षणी हक्क निर्माण होतो. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकत असे. आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

खासगी उपयोग, संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी कायद्याने काही सवलत दिली आहे. गुलाबी सरोवराची बातमी देणारे वृत्तपत्र आणि तेच छायाचित्र खोलीभाड्याच्या दरपत्रकाशेजारी लावणारे लॉज यांना म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही. छायाचित्राखाली 'सौजन्य' असे लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही.

जाणीवपूर्वक उल्लंघन झाल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पण दुकानाच्या संकेतस्थळाला ही पळवाट मिळणे अवघडच. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात २० मे २०२२ रोजी दिला. छायाचित्रावरील छायाचित्रकाराचे नाव जाणूनबुजून छाटणे हा तर स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैसे दिले, तरी कागद हवा

व्यावसायिकाने मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या व्यावसायिकाचा असतो. मात्र छायाचित्रकाराने आधीच काढून ठेवलेले छायाचित्र विकत घेतले, तर केवळ प्रत मिळते. हक्क मिळत नाही. हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने चित्रे कोठून आणली, हे विचारणेही दुकानदाराच्याच हिताचे. कारण नोटीस प्रथम त्याच्याच पत्त्यावर येते.

जिजाऊंच्या जिल्ह्यात आणखी एक कायदा

सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. साहजिकच परिसरातील व्यावसायिकांना आपल्या फलकावर, संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असावी, असे वाटते. भावना आदराची असली, तरी बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत शिवाजी महाराजांचे नाव व चित्र यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीविना व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. पंतप्रधानांचे चित्रही त्याच यादीत आहे. २०१६ मध्ये रिलायन्स जिओ व पेटीएमच्या जाहिरातींवरून जो वाद झाला, तो याच कारणाने.

मार्ग आहेत

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे स्वतः छायाचित्र काढणे. वास्तूचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करण्यास स्वामित्वहक्क कायदा आडवा येत नाही. मात्र मंदिराच्या आत छायाचित्रणाला परवानगी आहे काय, हे संस्थानाच्या नियमांवर अवलंबून असते. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेची उपग्रहचित्रे सर्वसाधारणपणे मुक्तपणे वापरता येतात, आणि अवकाशातून टिपलेले लोणारचे वर्तुळ त्यांत आहे. तथापि संस्थेने आपल्या व्यवसायाची शिफारस केली आहे, असा आभास निर्माण करता येत नाही. 'विकिमीडिया कॉमन्स'वरील बरीच चित्रे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली असतात. तेथे छायाचित्रकाराचे नाव व परवान्याचा उल्लेख करावा लागतो, आणि चित्रागणिक अटी बदलतात.

दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. पहाटे विवराच्या काठावर उभा राहणारा स्थानिक छायाचित्रकार आपला हक्क क्वचितच बजावतो. दाव्याचा खर्च आणि वेळ त्याला परवडत नाही. वास्तविक, प्रतिवादी मुंबईचा असो वा दिल्लीचा, छायाचित्रकार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करण्याची मुभा कलम ६२ ने दिली आहे.

तरीही न्यायालय हा शेवटचा उपाय होय. लॉजमालक आणि छायाचित्रकार एकाच गावचे असतील, तर एका कागदावरची दोन स्वाक्षऱ्यांची परवानगी आणि रास्त मोबदला यांत दोघांचेही भागते. सरोवर सर्वांचे आहे. त्याचे छायाचित्र मात्र ज्याने टिपले त्याचे आहे, एवढे भान ठेवले तरी पुरेसे.