धूळ पेटीत की फुफ्फुसात?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेने १९४८ च्या कारखाने कायद्यासह १३ कायद्यांची जागा घेतली. चर्चा झाली ती कामाचे तास, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगारांची. कामगाराच्या फुफ्फुसात जाणाऱ्या धुळीचा प्रश्न मात्र मागेच राहिला. सँडब्लास्टिंगचे काम पाहिले की तो किती जवळचा आहे हे कळते.

लोखंडी वस्तूला रंग द्यायचा किंवा पावडर कोटिंग करायचे तर आधी गंज आणि जुना रंग पूर्ण निघावा लागतो. पृष्ठभाग थोडा खरबरीत झाला तरच नवा थर धरतो. त्यासाठी कंप्रेसरच्या दाबाखालील हवेबरोबर बारीक, टणक कणांचा झोत वस्तूवर मारतात. अमेरिकेत १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, तेव्हा कण होते वाळूचे. म्हणून नाव पडले सँडब्लास्टिंग. वाळू स्वस्त आणि सहज मिळणारी. पण तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते आणि धातूवर आदळताच तिचा भुगा होतो.

या भुग्यातले दिसणारे कण नाका-घशात अडकतात. घातक असतात ते न दिसणारे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. चार-पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील संरक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. या चक्रातून फुफ्फुसात व्रणासारख्या गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. सहसा त्याला दहाहून अधिक वर्षे लागतात; धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांतही तो गाठतो. १९९७ मध्ये स्फटिकरूप सिलिकेची नोंद कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात झाली.

ब्रिटनने ब्लास्टिंगमधील वाळूवर १९४९ मध्येच बंदी घातली. तुर्कस्तानला हा धडा जीन्सने शिकवला. कापडाला जुनाट, विटका रंग यावा म्हणून तेथील लहान कार्यशाळांत तरुण मुले बंद खोल्यांत जीन्सवर वाळूचा झोत मारत. काही वर्षांतच ती धापा टाकू लागली आणि अनेकांचा जीव गेला. २००९ मध्ये तेथे या कामावर बंदी आली.

यावरचा उपाय साधा आहे. ब्लास्टिंग कॅबिनेट म्हणजे लोखंडी बंद पेटी. समोर काच, आत दिवा आणि दोन भोकांना घट्ट बसवलेले लांब रबरी हातमोजे. कामगार बाहेर उभा राहून हातमोज्यांतून वस्तू धरतो आणि पायाने पेडल दाबून झोत सुरू करतो. पंखा आतली हवा सतत ओढून धूळ फिल्टरकडे नेतो. त्यामुळे पेटीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि फट असली तरी धूळ बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. वाळूऐवजी स्टील ग्रिट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरता येतात. ते महाग असले तरी खाली जमा होऊन पुन्हा पुन्हा कामी येतात.

मात्र वाळू बदलली म्हणजे धोका संपला, असे नाही. फाउंड्रीतून आलेल्या ओतीव भागाला साच्याची वाळू चिकटलेली असते आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे पेटी हवीच आणि ती धड हवी. फाटलेला हातमोजा, तुंबलेला फिल्टर, झोत थांबताच घाईने उघडलेले दार आणि शेवटी त्याच हवेने झटकलेले कपडे एवढे झाले की पेटी नावापुरती उरते. पूल, टाक्या, जहाजे पेटीत मावत नाहीत. तेथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण लागते. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही.

कायद्याचे काय? कारखाने कायद्यातील सूत्राने शुद्ध क्वार्ट्झच्या श्वसनीय धुळीची मर्यादा घनमीटरला सुमारे १०० मायक्रोग्रॅम येते; अमेरिकेने २०१६ मध्ये ती ५० केली. शिवाय नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी कामगारसंख्येची अट १० वरून २० झाली आहे. कोल्हापूर, भोसरी किंवा अंबडच्या परिसरातील चार-पाच कामगारांचे ब्लास्टिंगचे दुकान यात बसणार नाही. जिवाला धोका असलेल्या कामाला, कामगार एकच असला तरी, संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो सँडब्लास्टिंगसाठी वापरला जातो का, हे पाहावे लागेल.

दुसरी कसोटी दवाखान्यातली. सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पण खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे आणि एक्स-रेमधील डाग क्षयरोगासारखे दिसतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोग होण्याची शक्यताही जास्त असते. म्हणून अनेकदा उपचार फक्त क्षयाचे होतात आणि रुग्ण पुन्हा त्याच धुळीत जातो. केसपेपरवर 'काम काय करता?' हा एक प्रश्न नेमाने विचारला गेला, तर आजार वेळेत ओळखता येईल. भरपाईचा दावाही त्या नोंदीवरच उभा राहतो.