न नोंदलेली जमा

बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक सवय जडलेली असते. दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आपले खातेदारही तितकेच दक्ष असतात. पासबुकात एक नोंद कमी दिसली की ते लगेच खिडकीशी येऊन उभे राहतात. मात्र याच दक्ष मंडळींच्या शरीराच्या खात्यात वर्षानुवर्षे काहीतरी जमा होत राहते आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकतो, तेव्हा ‘आता वय झाले’ असा शेरा मारून आपण प्रकरण निकालात काढतो.

मीही असाच बेफिकीर खातेदार होतो. 2014 मध्ये सांगलीहून दिल्लीला बदली झाली, तेव्हा माझे वजन 68 किलो होते. चार वर्षांनी आरोग्य तपासणीत ते 77 किलो भरले आणि रक्तातील साखरेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी लाल शाईने वर्तुळ काढले. वडिलांचा मधुमेह मी घरात वीस वर्षे पाहिला होता. त्या वर्तुळाचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रथम सारा दोष मी दिल्लीच्या माथी मारला. येथील छोले-भटुरे, पराठे, जिलेबी यांच्यापुढे कोणाचे काय चालणार? पण शांतपणे विचार करता लक्षात आले की, छोले-भटुरे मी महिन्यातून फार तर दोनदा खात असे. मग हे नऊ किलो आले कोठून? शोध घेण्यासाठी मी आठवडाभर एक वही खिशात ठेवली आणि तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ तीत लिहू लागलो.

वहीतील पहिली मोठी रक्कम निघाली ती चहाची. कार्यालयात दिवसाकाठी चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. म्हणजे रोज 40 ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर मी केवळ चहातून पीत होतो! या 40 ग्रॅममधून 160 किलोकॅलरी मिळतात; तेवढ्या खर्च करण्यासाठी अर्धा तास तरी भरभर चालावे लागते. चहासोबतची बिस्किटे आणि कोणाच्या ना कोणाच्या निमित्ताने येणारा समोसा यांचा हिशोब वेगळाच. मोठ्या समोशात दोनशेहून अधिक किलोकॅलरी सहज असतात.

दुसरे पान खर्चाचे होते आणि ते जवळजवळ कोरेच होते. सांगलीत मी शाखेत सायकलने जात असे आणि भाजी पायी आणत असे. दिल्लीत आल्यावर वैशालीच्या घरापासून मेट्रो स्थानकापर्यंत ई-रिक्षा, स्थानकात सरकता जिना, राजीव चौकाहून संसद मार्गापर्यंत ऑटो, कार्यालयात लिफ्ट आणि त्यानंतर आठ तास खुर्ची असा माझा दिनक्रम ठरून गेला. घरी परतायला साडेआठ वाजत. जेवण दहाला, तेही दूरदर्शन संचापुढे आणि झोप मध्यरात्रीनंतर. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढवणारी संप्रेरके बळावतात, हे मला पुष्कळ नंतर समजले. थोडक्यात, माझ्या जिभेपेक्षा माझ्या दिवसाची मांडणीच अधिक दोषी होती.

हे केवळ माझे प्रकरण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 15 ते 49 वयोगटातील दर 100 स्त्रियांपैकी 24 जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. दिल्लीत हा आकडा 41 होता. पुरुषांच्या बाबतीतही देशात 23 आणि दिल्लीत 38 अशी तफावत दिसली. राजधानीतील माणसे इतरांपेक्षा अधिक खादाड आहेत, असे कोणी म्हणणार नाही. लांबचा प्रवास, बैठे काम, उशिराचे जेवण आणि हाताशी असलेले तळलेले पदार्थ हीच येथील दिवसाची घडण आहे.

‘माझे वजन तर बेताचेच आहे’ असे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे दोघांचाही बीएमआय 22.3 होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते. म्हणूनच 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी कडक मर्यादा सुचवल्या: बीएमआय 23 च्या आत, पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरपेक्षा कमी. त्यासाठी शिंप्याची टेप पुरेशी आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती धरावी, पोट आत ओढू नये आणि आकडा प्रामाणिकपणे लिहावा.

घरातील तेलाचा हिशोब गृहिणीवर ढकलून चालणार नाही. तो सर्वांनी मिळून करावा. चार माणसांच्या कुटुंबात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल होते आणि त्यातून 340 किलोकॅलरी मिळतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात तेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. या कुटुंबाच्या बाबतीत त्याचा अर्थ महिन्याला अर्धा लिटर तेल कमी, एवढाच. फोडणी बंद करण्याची आवश्यकता नाही. बरणीतून थेट ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घेतले, तर एवढी बचत सहज होते.

येथे कोणी म्हणेल की, हा सारा मनोनिग्रहाचा प्रश्न आहे. ज्याला वजन कमी करायचे त्याने तोंड आवरावे. मला हे मत अर्धेच पटते. समोर बशी आली की दहातले आठ हात आपोआप पुढे होतात. तेव्हा बशीत काय ठेवायचे, हे ठरवणाऱ्यांचीही काही जबाबदारी आहेच. सीबीएसईने 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांतही तेल आणि साखर यांविषयीचे फलक लावण्याचे सुचवले. फलक जरूर लावावेत. पण त्यांच्याखालीच समोशांचे ताट ठेवले, तर उपयोग काय? निवृत्ती, बदली, पदोन्नती, दिवाळी अशा प्रत्येक प्रसंगी आपल्या शाखांतून समोसा, बर्फी आणि शीतपेय हाच ठराविक बेत असतो. त्याजागी भाजलेले चणे, पेरू, ताक किंवा दिल्लीच्या थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारी शकरकंदीची चाट का असू नये? चहात साखर आधीच न घालता वेगळी ठेवावी. बैठकीत तासाभराने पाच मिनिटे उभे राहण्याची मुभा असावी. यांपैकी कशालाही खास मंजुरी लागत नाही.

चालण्याच्या बाबतीत मात्र दिल्लीकरांची एक खरी अडचण आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवा इतकी दूषित होते की, पहाटे उद्यानात फिरणे आरोग्याऐवजी अपायच करते. मे-जूनमध्ये उष्म्याने जीव नकोसा होतो. अशा दिवसांत व्यायाम सोडू नये, फक्त जागा बदलावी. गुडघे साथ देत असतील तर इमारतीचा जिना, घरातील योगासने, मेट्रो स्थानकातील पायऱ्या हे पर्याय आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आठवड्याची किमान 150 मिनिटे अशा सुट्या हप्त्यांतही भरता येतात.

एक इशारा आवश्यक वाटतो. आहार-विहारात काही बदल नसताना वजन झपाट्याने वाढले, तर थायरॉईडचा विकार किंवा एखादे औषध कारणीभूत असू शकते. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मनाने औषध बंद करू नये. तसेच, स्थूल व्यक्तीची चेष्टा करून तिचे वजन कमी झाल्याचे मी आजवर पाहिलेले नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर मी उपवास केले नाहीत किंवा ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ अशा जाहिरातींच्या नादी लागलो नाही. चहा दोन कपांवर आणला, साखर अर्ध्या चमच्यावर. राजीव चौक ते संसद मार्ग पायी जाऊ लागलो. रात्रीचे जेवण शक्य तितके अलीकडे घेतले. सहा किलो उतरायला दीड वर्ष लागले. उरलेले तीन अजून माझ्याजवळच आहेत; पण तपासणीच्या कागदावरील ते लाल वर्तुळ पुन्हा उमटलेले नाही.

आवर्ती ठेवीचे महत्त्व आपण ग्राहकांना नेहमी पटवून देतो: रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडता कामा नये. चरबीची ठेव याच नियमाने वाढते आणि ती मोडायची, तर तीही याच नियमाने मोडावी लागते. वाचकांनी आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील चहाचे कप आणि चाललेली मिनिटे एवढ्या दोनच नोंदी कराव्यात. फरक कोठे आहे, ते हिशोबाच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.