असली, नकली आणि तिसरी

कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची म्हटली की आपल्या घरांत दोनच शब्द निघतात, असली आणि नकली. मराठीत बोला किंवा कन्नडमध्ये, शब्द तेच. पण या दोघींच्या मध्ये एक तिसरी बॅटरी असते आणि तिला आपण उगाचच नकलीच्या रांगेत बसवतो.

सिल्वासात कारखान्यांमुळे चहूकडची माणसे येऊन राहिली आहेत. आमच्या शेजारच्या वहिनी गोकाककडच्या. मध्यंतरी त्या २००६ सालचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आल्या. सासरे गेले त्याच्या आदल्या वर्षीचे फोटो त्यात होते. तेही कार्डात नव्हे, कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत. त्या काळच्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत अशी थोडी जागा असे. कार्ड काढून दुसरीकडे वाचता येते, आतली मेमरी वाचायची तर कॅमेराच सुरू व्हावा लागतो. आणि बॅटरी तर फुगून बसलेली.

बाजारात दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक कॅमेरा कंपनीचीच, पण कित्येक वर्षे पाकिटात पडून असलेली. दुसरी वेगळ्याच कंपनीची, त्याच वर्षी बनलेली. वहिनींनी दुसरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “अण्णा, इदु नकली एन्री?” ही नकली आहे का?

नाही. एखादी कंपनी स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात बसेल अशी बॅटरी बनवते, ती पर्यायी बॅटरी. दुसऱ्याचे नाव छापून विकली जाते ती नकली. धोका या दुसऱ्या जातीत जास्त. लिथियम-आयन बॅटरीत जादा चार्जिंग आणि शॉर्टसर्किट रोखणारे छोटे सर्किट असते. नाव चोरणारा ते सर्किट नीट घालेल याची हमी कोण देणार?

आणखी एक गोष्ट. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. त्यामुळे पंधरा वर्षे पाकिटात राहिलेल्या ‘असली’पेक्षा ताजी पर्यायी बॅटरी पुष्कळदा उजवी. वहिनींनी तीच घेतली. कॅमेरा सुरू झाला, अकरा फोटो निघाले. एकात सासरे दुधनीच्या पाण्याकाठी नातवाला खांद्यावर घेऊन उभे आहेत.

मात्र ताजी आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. भारतात अशा बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधा, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. ३.६ आणि ३.७ व्होल्ट यांत फरक मानू नका, ७.२ आणि ७.४ यांचेही तसेच. पण ३.७ च्या जागी ७.४ कदापि नको. आकार तोच आणि एमएएचचा आकडा मूळ बॅटरीच्या दुप्पट, असे दिसले तर समजा की आकडा फक्त छापलेला आहे.

काही कॅमेरे पर्यायी बॅटरी ओळखत नाहीत, किंवा चार्ज किती उरला ते चुकीचे दाखवतात. पॅनासोनिकने २००९ मध्ये काही कॅमेऱ्यांसाठी असे फर्मवेअर काढले होते, की ते घातल्यावर इतरांच्या बॅटऱ्या चालेनाशा व्हाव्यात. म्हणून घेण्याआधी दुकानातच आपल्या कॅमेऱ्यात घालून पाहावी. कॅमेरा नवा आणि वॉरंटीत असेल तर कंपनीचीच बॅटरी बरी. लग्नकार्याचे फोटो काढायचे असतील तर एकीवर विसंबू नये.

चार्जिंग डोळ्यांसमोर करा, गादीवर किंवा रात्रभर नको. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. विमानाने जाताना सुटी बॅटरी टोके झाकून हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या पेटीत ती चालत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत जुना कॅमेरा हाती लागला तर भंगारात देण्याआधी एवढे करा. आधी त्यातली बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा आणि मग तिच्यावरचा नंबर कागदावर उतरवून घ्या. चारशे-पाचशे रुपयांच्या बॅटरीमागे घरातले कोणते माणूस हसत उभे असेल, सांगता येत नाही.