भिंतींतला पिंपळ आणि खिडकींतली कुंडी

पावसाळा सरत आला म्हणजे जुन्या वाड्यांच्या भिंतींकडे आणि विहिरींच्या कठड्यांकडे सहज पाहावें. पिंपळाचें एखादें कोंवळें, तांबूस पानांचें रोपटें तेथें डोलतांना दिसतेंच. घरधनी मोठ्या पेंचांत पडतो. उपटावें, तर मन धजत नाहीं; ठेवावें, तर मूळ भिंत फोडल्यावांचून राहात नाहीं. आमचें मत असें कीं, ह्या पाहुण्यास मारूंही नये आणि भिंतींतही राहूं देऊं नये. त्यास कुंडी द्यावी व खिडकीशीं आणून बसवावें. घराच्या शोभेसाठीं दुकानांतून महागडें रोप आणण्याचें मग कारणच उरत नाहीं.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, अंजीर आणि दिवाणखान्यांत मिरविणारें रबराचें झाड हीं सारीं एकाच कुळींतलीं भावंडें होत. ह्या कुळींत साडेसातशेंहून अधिक जाती आहेत. पक्षी व वटवाघळें हीं फळें खातात आणि मोहरीहूनही बारीक बी विष्ठेंतून भिंतीच्या फटींत पडते. चिमूटभर मातीवर निभावून नेण्याची संवय ह्या घराण्याच्या अंगीं मुरलेली आहे; म्हणूनच तें कुंडींतही सुखानें नांदतें.

भिंतींतलें रोप बोटभर असतांनाच, पावसानें गिलावा भिजला म्हणजे, काडीनें माती उकरून मुळासकट अलगद सोडवावें आणि फट चुन्यानें बुजवावी. असें रोप न मिळाल्यास दोन मार्ग मोकळे आहेत. घाई असेल त्यानें अंजिराची काडी लावावी. बोटाएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळ्यांची पक्की काडी घेऊन, तिचा चीक वाळूं देऊन, ती रेताड मातींत निम्म्याहून अधिक खोंचावी. पुरंदरच्या अंजिरास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील बागाही काड्यांपासूनच वाढल्या आहेत. काडीचें झाड म्हणजे मूळ झाडच पुनः उभें राहिलें असें समजावें.

ज्यास निसर्गाचें कौतुक पाहावयाचें असेल त्यानें बी पेरावी. पिकलेल्या उंबराच्या बिया धुवून ओल्या वाळूवर नुसत्या भुरभुराव्या. पुरूं नयेत, कारण त्यांस उजेड लागतो. मात्र पुरंदरी अंजिराची बी पेरून निराश होऊं नये. तें फळ परागाविनाच पिकतें, म्हणून त्याची बी पोकळ असते. उंबराच्या फळांत मात्र चिमुकलें कीटक शिरून आंतील फुलांस पराग पोंचवितें. म्हणून तेथील बी सजीव असते आणि तिच्यापासून निघालेलें प्रत्येक रोप आपल्या परीनें नवें असतें.

पुढील निगा थोडकीच आहे. कुंडीच्या तळाशीं भोंक असावें; वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावें; उजेड भरपूर असावा. कुंडी वारंवार हालविल्यास झाड रुसून पानें गाळतें. अंजीर तर हिवाळ्यांत पानें टाकतोच. तो मेला असें समजून फेंकूं नये. चीक अंगास लागल्यास खाज सुटते, तेव्हां हात धुवावे.

कोणी म्हणेल, ज्याच्या सावलींत गांव विसावावयाचा त्या वृक्षास कुंडींत कोंडणें हा अन्यायच नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. कुंडी हें त्याचें घर नव्हे, ती त्याची शाळा आहे. ज्या वर्षीं विद्यार्थी आमच्या शाळेंत पाऊल टाकील त्या वर्षीं त्यानें एक रोप हातीं धरावें. दहावीची परीक्षा देऊन तो बाहेर पडेल तेव्हां त्या झाडासही, भिंती-विहिरींपासून दूर, मोकळ्या जमिनींत पोंचवून द्यावें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, तोंवर खिडकीपाशीं हातभर जागा रिकामी ठेवावी. विकत आणलेलें रोप घर सजवील. भिंतींतून सोडविलेलें रोप मुलास जबाबदारी शिकवील, आणि पुढें अनोळखी वाटसरूसही सावली देईल.