तिसरे भोक

नव्या घरासाठी आम्ही फ्रिजवरचे स्टार मोजले, गिझरवरचा आयएसआय शिक्का पाहिला. भिंतीकडे मात्र कुणीच पाहिले नाही. आठवडाभरात सौभाग्यवतींचा ओला हात वॉशिंग मशीनला लागला आणि झटका बसला. वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या, मोठ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती!

यंत्रात गळलेली वीज जमिनीत नेते ती हीच तार. तिच्या जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीजपुरवठा तोडणारी आरसीसीबी हवी. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला ६ अँपिअरचे सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचेच लागते.

वास्तुशांतीचा मुहूर्त आपण हौसेने काढतो. त्याआधीचा एक दिवस वायरमनसाठी राखून ठेवावा, एवढेच माझे सांगणे.