दृष्टीआडच्या श्रमांचा हिशेब

फ्लोरिडात १९७१ साली सुरू झालेल्या डिस्नेच्या 'मॅजिक किंगडम' या मनोरंजननगरीखाली सेवामार्गांचे विस्तीर्ण जाळे आहे. कॅलिफोर्नियातील १९५५ सालच्या डिस्नेलँडमध्ये गुराख्याच्या वेषातला एक कर्मचारी भविष्यनगरीतून चाललेला वॉल्ट डिस्ने यांना दिसला आणि त्या विसंगतीतून ही कल्पना निघाली, असे सांगतात. फ्लोरिडात भूजल उथळ असल्याने भुयार न खणता हे मार्ग जमिनीलगतच बांधले गेले आणि शेजारच्या जलाशयाच्या खोदाईतील माती भोवती व वर भरण्यात आली. प्रेक्षक ज्याला जमीन समजतात, तो वस्तुतः वरचा मजला आहे. खाली उपाहारगृह, मालाची ने-आण आणि हवेच्या झोताने कचरा ओढून नेणाऱ्या नळ्या आहेत.

आनंद विकायचा तर त्यामागचा घाम गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, हे या धंद्याचे सूत्र. त्यात दांभिकता आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नाटकालाही विंग आणि रंगपट लागतोच. आक्षेप घ्यायचा तो श्रम झाकण्याला नव्हे. झाकलेले श्रम हिशेबातूनही गळतात, त्याला घ्यावयास हवा.

याच्या उलट चित्र आमच्या गडमुडशिंगीपासून फार दूर नसलेल्या कणेरी मठावर दिसते. तेथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात गावचे बलुतेदार हातातल्या कामासह पुतळ्यांच्या रूपाने उभे आहेत. श्रम हेच तेथे प्रेक्षणीय आहेत. लोक सहकुटुंब जातात आणि मुलांना कौतुकाने दाखवतात. हे कौतुक योग्यच आहे. मात्र कालच्या कष्टकऱ्यापुढे हात जोडणारे आपण आजच्या झाडूवाल्याकडे मान वळवूनही पाहत नाही.

आपल्या शहरांखालीही एक सृष्टी आहे. माणसाला गटारात उतरवून मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. १९९३ पासून या कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. कायद्यानंतर दहा वर्षांनीही न्यायालयाला मृत्यूची भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ स्पष्ट आहे. डिस्नेच्या सेवामार्गात माणूस ताठ मानेने चालतो, कारण तो मार्ग माणसासाठी आखलेला आहे. आपले गटार माणसासाठी आखलेले नाही. तरी माणूसच त्यात उतरवला जातो. तो स्वस्त पडतो असे आपण मानतो, कारण त्याच्या जिवाची किंमत अंदाजपत्रकात कोठेच मांडलेली नसते.

यावर उपाय अवघड नाही. उद्यान, नाट्यगृह, यात्रा वा महाविद्यालय यांच्या स्वच्छतेचा ठेका देताना मजुराच्या हाती प्रत्यक्ष किती वेतन पडणार, त्याला जेवायला व कपडे बदलायला जागा कोठे, यंत्र कोणते, हे निविदेतच लिहावे आणि तो फलक दर्शनी भागी लावावा. त्यामुळे खर्च वाढेल, हे खरे. पण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो आपल्या खिशातून न जाता दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा होतो. दृष्टीआड सृष्टी असावयास हरकत नाही. हिशेब मात्र दृष्टीआड असू नये.