आजोबांचे रिव्हॉल्व्हर: जुने म्हणून निरुपद्रवी नाही!

कळंबसह मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम राजवटीत होता. त्या काळातले एखादे रिव्हॉल्व्हर वारशाने घरात आले असेल, तर ‘जुनेच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष नको.

धोका काय? अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याला अटकाव नसे. भरलेले शस्त्र हातातून पडले तरी गोळी सुटू शकते. आधुनिक पिस्तुलांत बहुधा त्यासाठी आतच अटकाव असतो.

कायदा काय सांगतो? १९५९ च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुरातन शस्त्रालाच सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. वारशाचे शस्त्रही त्यातच मोजतात.

आजोबांची आठवण फोटोतही जपता येते. परवाना नसेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करणेच शहाणपणाचे.